दोनदा आलेली फाईल

जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर बातमी लिहिणं हे तिसऱ्या क्रमांकाचं काम. पहिलं काम बातमी मिळवणं आणि दुसरं ती उघडणं. हे दुसरं काम असतं, याचीच बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. तालुक्याच्या गावाहून बातमीदार मेल पाठवतो, सोबत मजकुराची फाईल आणि फोटो जोडतो, आणि त्याच्या लेखी त्याचं काम संपतं. डेस्कवर ती फाईल उघडली नाही तर बातमी नाही.

मी हे काम आधी नांदेडच्या कार्यालयात डेस्कप्रमुख म्हणून केलं आणि शेवटची काही वर्षं लातूरला, मुख्य कार्यालयात. संगणकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण एखादी फाईल अडली की सगळे माझ्याकडे बघत. अडलेल्या फाईलचं कारण शोधणं मला आवडायचं आणि कोणाच्याही सांगण्यावर माझा विश्वास बसत नसे. या कामाला हा दुसरा गुण जास्त लागतो.

बिलोलीचे एक जुने बातमीदार तीन आठवडे फोटो पाठवत होते आणि तीन आठवडे एकही फोटो दिसत नव्हता. ते म्हणत, "इथं तर दिसून राहिलाय सर, चांगला मोठा." मला संशय, की हे गृहस्थ घटनास्थळी जातच नाहीत. शेवटी फोनवर त्यांना फाईलचा आकार वाचायला लावला. एक केबी. ते फोटोऐवजी फोटोचा शॉर्टकट जोडत होते. म्हणजे घर पाठवण्याऐवजी घराचा पत्ता. त्यांच्या संगणकावर त्या पत्त्यावर घर होतं, म्हणून त्यांना दिसत होतं. एक केबीत माणसाचं नाकही मावत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरं उदाहरण नांदेडच्या एका पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाचं. त्यांना आम्ही काही प्रश्न पाठवले होते. उत्तराची मुदत संध्याकाळी पाचची. पाचला पाच मिनिटं कमी असताना 'खुलासा' नावाची फाईल आली आणि ती उघडेना. पुन्हा मागवली. तीच आली, तशीच. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आम्ही वेळेत उत्तर दिलं होतं, तुमचा संगणक जुना असेल. त्या फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलून पाहिली, तेव्हा आत पत्र नव्हतंच. पुढाऱ्याच्या सत्काराचा फोटो होता. फोटोच्या फाईलला पत्राचं नाव देऊन त्यांनी एक दिवस काढला होता.

त्यानंतर मी डेस्कसाठी नियम केले आणि टाईप करून भिंतीवर चिकटवले. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याची बाजू फक्त मेलवर, लेखी, कागदांसह घ्यायची. फोनवर सांगितलेलं धरायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलंही धरायचं नाही, कारण पाठवणारा ते नंतर पुसून टाकतो. न उघडणारी फाईल आली तर एकदाच पुन्हा मागवायची. दुसऱ्यांदा तशीच आली तर तो वेळकाढूपणा समजायचा आणि तसं छापायचं. या नियमांचा मला अभिमान होता. लातूरहून संपादकांनी त्यांची प्रत मागवून घेतली होती.

काही वर्षांपूर्वी, मी नांदेडला असताना, किनवटहून एक बातमी आली. तिथले आमचे बातमीदार लतीफभाई. त्यांच्या घरात तीन पिढ्या घड्याळदुरुस्तीचं दुकान. बातमीदारी ते दुकानात बसूनच करत आणि चांगली करत. बातमी अशी होती, की जंगलातल्या एका गावात, एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात दोन मुली तापाने आजारी असताना अधीक्षिका तीन दिवस जागेवर नव्हत्या. स्वयंपाकीण आणि दोन पालक तसं सांगत होते. हालचाल नोंदवहीत अधीक्षिकेच्या जाण्याची नोंद नव्हती. लतीफभाईंनी नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडला होता आणि तो उघडला.

अधीक्षिकेचं नाव सुमन पांचाळ. नावं इथं बदलली आहेत. लतीफभाईंनी त्यांना फोन केला होता आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: दोघींपैकी एका मुलीची तब्येत बिघडल्याने आपण तिला रेल्वेने नांदेडला दवाखान्यात आणलं असून तिच्यासोबत आहोत, असं श्रीमती पांचाळ यांनी सांगितलं. ते वाक्य मी काढलं. लतीफभाईंना फोन करून विचारलं, कागद कुठे आहेत?

ते म्हणाले, बाई व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणतात.

मी त्यांना नियम सांगितला. मग विचारलं, "लतीफभाई, तुमची ओळख आहे का त्यांची?"

"किनवट केवढं हाय सर? ओळख सगळ्यांचीच हाय."

"म्हणून विचारलं."

त्यांनी बाईंना आमचा मेल पत्ता दिला आणि जिल्ह्याचं पान संध्याकाळी साडेसहाला सुटतं हेही सांगितलं.

चार वाजून बारा मिनिटांनी मेल आला. विषय: खुलासा. मजकूर दोन ओळींचा. सोबत लेखी खुलासा व दवाखान्याचे कागद जोडले आहेत, कृपया बातमीत घ्यावे. जोडलेली फाईल एकच होती आणि तिचं नाव विनमेल डॉट डॅट. चित्र कोऱ्या पानाचं. उघडायला गेलं की संगणक विचारी, कशाने उघडू? ते मला माहीत नव्हतं. मेल पाठवणाऱ्याचा पत्ता सुमन पांचाळ यांचा नव्हता. धर्माबादच्या एका अडत दुकानाचा होता. वसतिगृहाच्या बाईंचा खुलासा अडत्याच्या मेलवरून का यावा, ही शंका पहिली. फाईल उघडत नाही, ही दुसरी. मी नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं: फाईल उघडत नाही, पुन्हा पाठवा. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा मेल आला. सोबत तीच फाईल, तेच नाव, कोरं पान.

मला तो सत्काराचा फोटो आठवला. बातमीच्या शेवटी मी लिहिलं: 'याबाबत श्रीमती पांचाळ यांनी खुलासा देण्यास टाळाटाळ केली.' 'टाळाटाळ' हा शब्द माझा. लतीफभाईंच्या मजकुरात तो नव्हता.

त्या वेळी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. मेलमध्ये फाईलच्या नावापुढे तिचा आकार लिहिलेला असतो. ही दोन एमबीहून मोठी होती. बिलोलीच्या बातमीदारांना मी ज्या आकड्यावरून पकडलं, तोच आकडा इथे सांगत होता की फाईल रिकामी नाही. मी तो वाचलाच नाही. फाईल फसवी आहे हे माझं आधीच ठरलं होतं.

बातमी छापून आली. संस्थेचं कार्यालय लातूरला. तिसऱ्या दिवशी संस्थेने कात्रण जोडून बाईंना कामावरून दूर केलं आणि चौकशी समिती नेमली. आमच्याकडे शनिवारी न उघडणाऱ्या फायली मेलच्या कचरापेटीतूनही पुसल्या जात. त्या शनिवारी त्याही गेल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सुमन पांचाळ नांदेडच्या कार्यालयात आल्या. चाळिशीच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागद. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्यांच्या भावाच्या संगणकाचा फोटो होता. पाठवलेला मेल, वेळ चार बारा, आणि खाली तीन फायली, तिन्हींची नावं स्पष्ट मराठीत.

"हे बघा. गेलेलं हाय."

मी म्हटलं, पडद्याचा फोटो पुरावा नसतो. आमच्याकडे तीन फायली आल्या नाहीत. एक आली आणि ती वेगळ्या नावाची होती.

"म्हंजे मी खोटं बोलून राहिले?"

मी म्हटलं, मी तसं म्हणत नाही.

"तोंडानं म्हणत न्हाईत. छापलं मात्र तसंच."

त्यांनी मूळ कागद टेबलावर ठेवले. दवाखान्यात दाखल केल्याच्या कागदावर मुलीचं नाव, तारीख, आणि नातेवाइकाच्या रकान्यात सुमन पांचाळ यांची सही. मुलीचे आईवडील उसाच्या तोडीला गेलेले, फोन लागत नव्हता. म्हणून त्या स्वतः थांबल्या होत्या. निघताना स्वयंपाकिणीला सांगितलं, नोंदवहीत लिहायचं राहिलं. ही चूक त्यांनी आपणहून कबूल केली. स्वयंपाकीण नंतर उलटली.

मी विचारलं, हे समितीला दाखवलंत का?

दाखवले होते. समितीचं म्हणणं, मुलगी दाखल होती हे खरं असेल, पण सही बातमी आल्यावर कुठून तरी मिळवली असेल. खरी असती तर त्याच दिवशी वर्तमानपत्राला दिली नसती का? समितीची अंतिम बैठक आठ दिवसांवर होती. तोवर त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती: तो सही असलेला कागद बातमी छापण्याआधी आमच्या हातात आला होता.

त्यांची शंका होती, की आम्ही तो दाबला. माझी शंका होती, की तो आलाच नाही. दोन्हींपैकी एक खोटं असणार, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

त्या गेल्यावर मी किनवटला फोन लावला. दुसऱ्या मेलची एक प्रत तुम्हालाही पाठवली होती असं बाई म्हणतात, हे खरं का? लतीफभाई म्हणाले, "हाव. आला व्हता."

"उघडला?"

"मेल उघडला. फाईल न्हाई उघडली. मला वाटलं मोबाइलचा प्रॉब्लेम हाय, हापिसात उघडली असंल."

"मग बातमीत बाजू नाही हे पाहिल्यावर विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणला असता, ओळख हाय म्हणून बोलून राहिला." मग ते म्हणाले, "सर, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून राहिलो. गिऱ्हाईक आधीच शक घेऊन आलं, तर मी घड्याळ उघडत न्हाई. परत देतो."

त्यांना मी तो मेल पुसू नका एवढंच सांगितलं आणि माझ्याकडे पाठवायला लावला. विनमेल डॉट डॅट पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी आकार वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी धर्माबादला गेलो. फोनवर विचारून काम झालं असतं, पण फोनवरच्या उत्तरावर विश्वास ठेवायची मला सवय नव्हती. अडत दुकान मिरचीचं. आत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी शिंकत होतो. बाईंचा भाऊ बालाजी तिथे लिखापढी करत असे. त्याने ओळख ऐकली आणि खुर्चीवरून उठला नाही.

"आता काय राहिलं पाहायचं? आमची ताई घरी बसली."

मी म्हटलं, पाठवलेला मेल पाहायचा आहे.

"दोनदा पाठवला. तुम्ही उघडत न्हाई म्हणलात, मी इथं उघडून पाहिला. इथं उघडतो. मग मला कळलं, यांना छापायचंच न्हाई."

तो म्हणाला ते बरोबर होतं. त्याच्या संगणकावर फायली उघडत होत्या. तिन्ही: बहिणीने फोनवर सांगितलेला आणि त्याने टाईप केलेला खुलासा, दाखल केल्याच्या कागदाचा फोटो, औषधांच्या कागदाचा फोटो. बहिणीने फोटो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. आमच्या नियमामुळे ते तिथून मेलवर चढवावे लागले आणि त्याच्या हाताशी मेल होता तो फक्त दुकानाचा.

आता कारण सांगतो. आमच्या कार्यालयात मेल ब्राउझरमध्ये उघडत असे. अडत दुकानात मेलसाठी संगणकावर बसवलेला वेगळा प्रोग्रॅम होता. अशा प्रोग्रॅममध्ये मेल साधा पाठवता येतो किंवा सजवून. ठळक, रंगीत, चित्रासह. सजवण्याचा एक खास प्रकार असा असतो, की प्रोग्रॅम सजावट आणि जोडलेल्या सगळ्या फायली एका गाठोड्यात बांधतो आणि गाठ स्वतःच्या पद्धतीची मारतो. समोर त्याच जातीचा प्रोग्रॅम असेल तर तो गाठ ओळखतो, फायली वेगळ्या करून दाखवतो, आणि मध्ये गाठोडं होतं हे कोणाला कळतही नाही. समोर दुसरा प्रोग्रॅम असेल तर त्याला नुसतं गाठोडं दिसतं. त्याचंच नाव विनमेल डॉट डॅट. पाठवणाऱ्याला सगळं दिसतं, घेणाऱ्याला काहीच नाही. पुन्हा पाठवलं तर पुन्हा तेच होतं. खरं बोलणारा माणूस आणि वेळ काढणारा माणूस, दोघांचे मेल इथे हुबेहूब सारखे दिसतात.

बालाजीच्या प्रोग्रॅममध्ये तो सजवण्याचा प्रकार चालू होता. मी विचारलं, हा कोणी चालू केला?

त्याने मालकाच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं. शेठजींना प्रत्येक मेलच्या खाली दुकानाचं नाव लाल अक्षरात आणि शेजारी मिरचीचं चित्र हवं होतं. साध्या मेलमध्ये मिरची बसत नव्हती. त्याने खटपट करून बसवली. दुकानाचा मेल जायचा तो निजामाबादच्या आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांना. त्यांच्याकडे त्याच जातीचा प्रोग्रॅम, त्यामुळे कधी तक्रार आली नाही.

मी त्याला तोच मेल माझ्या पत्त्यावर पाठवायला लावला आणि मोबाइलवर दाखवला. कोरं पान. मग प्रकार बदलून साधा केला आणि पुन्हा पाठवायला लावला. तीन फायली, तीन नावं. बालाजीने माझा मोबाइल हातात घेऊन तिन्ही एकेक करून उघडल्या.

"म्हंजे मिरचीपायी?"

मी हो म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, "शेठजीला सांगू नका. आन् ताईला तर न्हाईच न्हाई."

मी म्हटलं, ताईंना सांगावंच लागेल. पण चूक मिरचीची नाही. गाठोडं आहे हे न ओळखणाऱ्याची आहे.

"ते तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

नांदेडला परत येऊन लतीफभाईंनी पाठवलेली प्रत उघडली. गाठोडं सोडणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळतात. उतरवून घ्यायला चार मिनिटं लागली, सोडायला काही सेकंद. आत खुलासा होता, दोन फोटो होते आणि मिरचीचं चित्र होतं. दाखल केल्याच्या कागदाच्या फोटोत नातेवाइकाच्या रकान्यात सही स्पष्ट होती. तरीही दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो आणि वॉर्डातल्या नर्सना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या बाई तीन दिवस कॉटखाली चटई टाकून झोपत होत्या, मुलगी त्यांना सोडत नव्हती.

लातूरला संपादकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दुरुस्ती छापू, आतल्या पानावर, चार ओळी. पण समितीला लेखी काही द्यायचं नाही. लेखी दिलं की प्रकरण कोर्टात जातं. चार ओळी छापल्या. त्यात 'तांत्रिक कारणामुळे' असा शब्द होता. तोही माझाच.

समितीची बैठक लातूरला संस्थेच्या कार्यालयात झाली. सकाळी अकराला. मी लॅपटॉप घेऊन गेलो. लेखी द्यायचं नाही एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. जायचं नाही असं सांगितलं नव्हतं. सुमन पांचाळ आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. बालाजीने त्यांना मिरचीचं सांगितलं होतं की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळाने आम्हा दोघांनाही आत बोलावलं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सावकाश बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. मी गाठोडं म्हणजे काय ते सांगितलं, त्यांच्यासमोर ते सोडलं, सहीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"ही फाईल तुम्ही कालच तयार केली नसेल कशावरून?"

प्रश्न योग्य होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता. पण माझ्या नोकरीत तो मला कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की प्रत्येक मेलच्या पोटात त्याच्या प्रवासाची नोंद असते. कोणत्या सर्व्हरवरून तो किती वाजता निघाला, कोणत्या सर्व्हरवर किती वाजता पोचला. लतीफभाईंच्या खात्यातल्या मूळ मेलची ती नोंद उघडून दाखवली. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या पंधरावीस ओळी होत्या.

"हे तुम्ही वाचता. आम्हाला ती नुसती अक्षरं. आणि ही प्रत तुमच्या बातमीदाराच्या खात्यातली, दुसऱ्यांदा आलेल्या मेलची. तुमच्या स्वतःच्या कार्यालयातली कुठंय?"

ती पुसली गेली, असं मी सांगितलं.

"कोणी पुसली?"

"आम्हीच. आमच्या नियमाप्रमाणे."

दुसरे एक सदस्य म्हणाले, वा. तांत्रिक पुरावा माझ्यासमोर उघडा पडला होता आणि तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना मशीनचं काही ऐकायचं नव्हतं. माणूस काय म्हणतो ते हवं होतं आणि ते मी अजून म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "बातमी छापण्याआधी यांचा खुलासा आमच्याकडे दोनदा आला होता. मला तो उघडता आला नाही. मी उघडायचा प्रयत्न केला नाही. बाई टाळाटाळ करतात असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे लेखी देता?"

मी कोरा कागद मागितला. हाताने लिहिलं, सही केली. त्याबद्दल नंतर मला मेमो मिळाला. तो मेलवर आला आणि पहिल्याच क्लिकला उघडला.

लिहिलेला कागद अध्यक्षांकडे देण्याआधी सुमन पांचाळ यांनी हात पुढे केला. त्यांनी तो वाचला.

"वेळ टाका. दोन्ही मेलची."

मी टाकली.

"सहीखाली नाव लिहा. सही वाचता येत न्हाई."

मी नाव लिहिलं. त्यांनी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, भावाला पाठवला, आणि मग कागद सोडला.

समितीने आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने आत बोलावून अध्यक्षांनी सांगितलं, की बाईंना परत घेतलं आहे. नोंदवहीत नोंद न केल्याबद्दल लेखी समज देऊ. आदेश दोन दिवसांत मेलवर पाठवतो.

"न्हाई सर," बाई म्हणाल्या. "कागदावर द्या. मी बसते."

अध्यक्ष म्हणाले, टाईप करायला वेळ लागेल, जेवणाची सुट्टी होईल.

"होऊ द्या. बसते."

त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या. माझं काम संपलं होतं, पण मलाही उठवेना. आम्ही बाकाच्या दोन टोकांना दोन तास बसलो. एकदा मी विचारलं, मुलगी आता कशी आहे? त्या म्हणाल्या, बरी हाय. वसतिगृहात परत आली न्हाई, आईबाप येऊन घेऊन गेले. बातमी कोणी तरी वाचून दाखवली त्यांना.

तीनच्या सुमारास लिपिकाने आदेश आणून दिला. बाईंनी दोनदा वाचला. मग बाकावरून सरकवत माझ्याकडे दिला.

"तुम्ही वाचा. चुका काढायची सवय हाय तुम्हाला."

मी वाचला. नाव बरोबर होतं. पद बरोबर होतं. समज दिल्याचा परिच्छेद होता. 'संस्थेच्या सेवेत पुन्हा रुजू करून घेण्यात येत आहे' असं होतं. कोणत्या वसतिगृहात ते कुठेच नव्हतं. संस्थेची वसतिगृहं तीन तालुक्यांत होती.

मी तिथे बोट ठेवलं. बाईंनी लिपिकाकडे पाहिलं. लिपिक म्हणाला, त्यात काय, समजतंच की.

"समजत न्हाई," बाई म्हणाल्या. "लिहा."

लिपिक आत गेला. आत बरंच बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने दुसरा कागद आला. त्यात वसतिगृहाच्या गावाचं नाव होतं, तालुका किनवट होता, शिक्का होता. मी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि ठीक आहे म्हटलं. त्यांनी तो घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो. नांदेडची बस किती वाजता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सव्वाचारला, समोरच्याच थांब्यावरून. त्यांनी मान हलवली. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेल्या आणि त्यालाही तेच विचारलं.